सुरगाठ

दसरा चौकातला सिग्नल सुटला, मी गाडी पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर आणली, आणि शेजारी बसलेले गुंडूमामा खिडकीबाहेर बघत सहज म्हणाले, "म्याडम, शिवाजी पुलापासनं माझा पाय ब्रेकवर न्हाय बरं का." ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकच्या जिवावर मी पूल ओलांडला होता, एका म्हशीला वाट दिली होती, एका ट्रकला दिली नव्हती. मामांनी हे कौतुक म्हणूनच सांगितलं होतं. मी मात्र भर चौकात गाडी बंद पाडली. मागे बस, तिच्यामागे हॉर्नचा कालवा, आणि एक रिक्षावाला वाकून मामांना विचारतोय, "ओ पावणं, हितंच मुक्काम हाय काय?" हे सगळं मला ऐकू येत होतं, पण लांबून. माझा डावा हात स्टिअरिंग सोडून पाठीमागे गेला होता आणि कमरेच्या जरा वर, मणक्यापाशी, काहीतरी चाचपत होता. "उसण भरली काय?" मामांनी विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यांनीच जागा बदलून गाडी कडेला घेतली.

तो हात डबा शोधत होता, हे घरी चहा पिताना लक्षात आलं. गगनबावड्याच्या रस्त्याला एका शाळेचं वसतिगृह मे महिन्यात रिकामं असतं, तिथे फक्रुद्दीन मास्तर उन्हाळी शिबिर भरवतात. मी चौथीतून पाचवीत जाताना तिथे पोहायला शिकले. वसतिगृहामागे पायऱ्यांची मोठी विहीर आहे, तिच्यावर ओणवा झालेला आंबा आहे. प्रत्येक पोराच्या पाठीला गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, झाकण डाग देऊन कायमचं बंद केलेलं, वर ऑइलपेंटनं नाव. डबा पाठीवर असला की माणूस बुडत नाही, नुसता कुत्र्यासारखा हातपाय मारत राहतो. डबा रोज निरगाठीनं बांधतात, ओढली की आणखी घट्ट बसणारी. पण पोर तयार झालं असं मास्तरांना वाटलं की ते त्या बॅचच्या ताईला किंवा दादाला नुसती मान हलवून खुणावतात, आणि त्या दिवशी निरगाठीऐवजी सुरगाठ बसते. पोर विहिरीच्या मध्यावर गेलं की मागून पोहणारी ताई दोरीचं टोक ओढते, डबा सुटतो, पोराला पत्ता नसतो. पायऱ्यांवर बसलेलं सगळं शिबिर हे बघत असतं आणि कुणी चकार शब्द काढत नाही. तीच तिथली रीत. पलीकडच्या भिंतीला पोराचा हात लागला की मगच सगळे एकदम ओरडतात, "डबा सुटला!" डबा आंब्याला टांगतात, आणि त्या दिवशीच्या आमरसाची पहिली वाटी त्या पोराची.

माझी ताई होती आयेशाताई, मास्तरांची मुलगी. तेव्हा ती कॉलेजात असेल, पण मला ती आईएवढी मोठी वाटायची. मला आठवतं ते पाणी नाही, आणि ती वाटीही नाही. मला आठवतं, की मध्यावर गेल्यावर पाठ एकदम हलकी वाटली आणि मी मान न वळवता विचारलं, "ताई, डबा हाय न्हवं?" आणि मागून तिचा नेहमीचा, जरासा हसरा आवाज आला, "हाय की." मग भिंत आली, ओरडा झाला, मला कुणीतरी उचललं, मीही ओरडत होते. आनंद खराच होता. खोटं कशाला सांगू, त्याआधी आणि त्यानंतर मला इतकं कुणी उचललेलं नाही. पण त्या 'हाय की'चं एक कुसळ आत राहिलं ते राहिलंच. नंतर वडिलांची बायपास झाली तेव्हा मी पुण्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होते. रोज फोन व्हायचा. बाबा कामानिमित्त बाहेरगावी गेलेत, तिथे रेंज नाही, बाकी सगळं ठीक, तू अभ्यास कर. शेवटचा पेपर देऊन घरी आले तर बाबा पलंगावर, छातीवर पट्टी, आणि काका पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभे. सगळे हसत होते. बघ, तुला कळलंसुद्धा नाही, आणि पेपर छान गेले की नाही? पेपर छानच गेले होते. मला इतका राग आला होता की तोंडातला पेढा गिळता येईना, आणि तो राग ठेवायला घरात जागा नव्हती, कारण सगळ्यांनी माझ्या भल्याचंच केलं होतं. तेव्हाही माझा हात पाठीमागे गेला होता. आई म्हणाली, प्रवासानं कंबर धरली असेल.

दरवर्षी एप्रिलअखेर मास्तरांचा फोन येतो आणि दरवर्षी मी ऑफिसचं नाव सांगते. राजारामपुरीत एका आर्किटेक्टकडे मी ड्रॉइंगं काढते, तिथे काम काही मे महिना बघून थांबत नाही. या वर्षीचा फोन नेमका त्या चौकातल्या प्रकाराच्या आठवड्यात आला. "दर्शनी, आयेशा बाळंतपणाला आलीया, पोरींच्या बॅचला ताई न्हाय," मास्तर म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, "येतो." कोल्हापुरात आम्ही पोरी 'येतो-जातो'च म्हणतो, पुण्यात असताना मैत्रिणी त्यावरून खूप चिडवायच्या. आईनं कपाळावर हात मारला. रजा टाकून दुसऱ्यांची पोरं राखायला निघालीस, घरातला कुकर तरी कधी लावतेस का, म्हणाली. मी का निघाले होते हे मलाही नीट सांगता आलं नसतं. दोरीचं दुसरं टोक हातात धरल्यावर कसं वाटतं ते बघायचं होतं, असं म्हणता येईल. आयेशाताई 'हाय की' म्हणाली तेव्हा तिला काय वाटलं असेल, ते.

पहिल्याच सकाळी माझ्या हातात ओगराळं आलं. पोरांना आईबापांनी सोडायला आणायचं, मग ताईनं पोरांना मागच्या अंगणात सरबताच्या पिंपाकडे न्यायचं, आणि तेवढ्यात आईबापांनी पुढच्या दारानं सटकायचं. हीही मास्तरांचीच रीत. निरोप घेतला की रडारड, रडारड झाली की अर्धी पोरं पिशवी उचलून परत घरी, असा त्यांचा अनुभव. मी गार कोकम सरबत वाढत होते आणि पुढच्या अंगणात गाड्या सुरू होण्याचे आवाज ऐकत होते. सगळ्या पोरांनी ते ऐकले, कुणी ओठ काढले, कुणी दुसरा पेला मागितला. एक पोरगी तेवढी पेला तसाच धरून उभी राहिली. काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, नाव तेजस्वी, कबनूरची. बाप पिराजी मागावर कामाला, पाळी संपवून तसाच तिला घेऊन आलेला, अंगावर अजून कापसाचं तूस. ती पळत दारापर्यंत गेली नाही की रडली नाही. तिनं पेला पिंपाच्या कडेवर ठेवला आणि मला विचारलं, "बाबा गेला न्हवं?" मी म्हणाले, "येतील की परत, शेवटच्या दिवशी." तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं, हे तिच्याइतकंच मलाही कळलं होतं.

विहीर मला लहान दिसेल असं वाटलं होतं; मोठेपणी सगळंच लहान दिसतं म्हणतात. ती होती तेवढीच होती. पाणी काळपट हिरवं, आंब्याची पानं वर तरंगणारी, आणि पायरीवर पाय टाकला की घोट्यापासून वर चढणारा तोच थंडावा. पोहायला मला चांगलं येतं. पण एवढ्या वर्षांत, कुठल्याही पाण्यात, मी कडेपासून फार लांब गेलेली नाही, आणि गेले तर मध्येच थांबून एक हात मागे नेते. हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही. इथे मात्र दिवसभर मध्यावरच काम. पोरींच्या मागून पोहायचं, त्यांच्या लाथा चुकवायच्या, हनुवटी वर धर म्हणून ओरडायचं. माझ्या पोरींत राजनंदिनी पहिल्यांदा तयार झाली. मास्तरांनी मान हलवली, मी सुरगाठ बांधली, मध्यावर टोक ओढलं. दोरी हातात मऊ येते, एवढंच. ती पोरगी गाणं म्हटल्यासारखी पुढे चालली होती. पायऱ्यांवर सगळी पोरं तोंडावर हात दाबून बसलेली, डोळे चमकत होते. ओरडा झाला तेव्हा मीही ओरडले, आणि मला बरं वाटलं. तिनं मला काही विचारलं नव्हतं, हे माझं नशीब.

तेजस्वी विचारायची. रोज डबा बांधून झाला की ती दोन्ही हात पाठीमागे नेऊन गाठ चाचपायची, बोटांनी वाचल्यासारखी, मग म्हणायची, "हां, चल." मला वाटलं सवय असेल. तिच्या हातापायात जोर होता, श्वास लांब होता, डब्याचं तिला खरं तर ओझंच व्हायला लागलं होतं. एका सकाळी मास्तरांनी मान हलवली. मी नेहमीसारखी दोरी आवळल्याचं नाटक केलं, जरा जास्तच झटका दिला. तिची बोटं मागे आली, गाठीवर फिरली आणि थांबली. "ताई, ही सुरगाठ हाय," ती म्हणाली. सगळं शिबिर रीतीप्रमाणे गप्प होतं, त्यामुळे ते वाक्य विहिरीत चांगलं घुमलं. मी काहीतरी बोलले, चुकून झालं असेल, परत बांधते, असलं काही. ती पायऱ्या चढून वर गेली, डबा सोडून मांडीवर घेतला, आणि त्या दिवशी पाण्यात उतरली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिची आई मागावरचं सूत सांधायला जाते, हे मला मागाहून कळलं. जुन्या धाग्याला नवा धागा, एकेक करत, दिवसभर. पोरगी तिच्या शेजारी बसून गाठी मारतच मोठी झालेली. आम्ही कुणाला गाठीनं फसवायला निघालो होतो!

शिबिराचे शेवटचे दोनच दिवस राहिले होते. परवा आईबाप येणार, विहिरीवर बसून पोरांचं पोहणं बघणार. आणि आंब्याला सगळ्यांचे डबे टांगलेले असताना हिचा तेवढा मांडीवर. दुपारी मी तिच्यापाशी जाऊन बसले. इतर पोरी आत चादरीवर लोळत होत्या. ती डब्यावरच्या आपल्या नावाचा रंग नखानं खरवडत होती. मी म्हणाले, "तेजू, बुडायची भीती वाटती काय?" तिनं मान हलवली, नाही. "मग?" तिनं रंगाचा एक पोपडा काढून फुंकला. मग म्हणाली, "बाबाबी असंच केला. सरबत प्यायला लावून गेला. सांगून गेला असता तर मी रडलो असतो." तिनं डबा उलटा केला. "रडलो असतो, पण ऱ्हायलो असतो की." ओगराळं माझ्याच हातात होतं, हे ती बोलली नाही. तिला ते म्हणायचंही नसेल. मला मात्र बाबांच्या पलंगाशेजारचा तो पेढा इतक्या वर्षांनी गिळायचा राहून गेल्यासारखा वाटला. दहा वर्षांच्या पोरीनं ते एका दमात सांगितलं होतं. मला ते आजवर, माझ्या माणसांना, एकदाही सांगता आलेलं नाही.

मास्तर आंब्याखाली बाजेवर पडले होते. मी म्हणाले, तिला सांगून सोडूया. ते उठून बसले, चष्मा पुसला. "सांगून सोडलं की पोर पाण्याकडं न्हाय, डब्याकडं बघतंय," ते म्हणाले. "एकदा सांगून केलतं मी. धैर्यशील म्हणून पोरगं व्हतं. मध्यावर गेलं आन् पाय आखडून घेतलं. मी उडी टाकली म्हणून बरं. पुन्ना ते पाण्याकडं फिरकलं न्हाय." त्यांचं खरंच होतं. राजवीर नावाचा एक पोरगा त्याच सकाळी सुरगाठीवर भिंत गाठून आला होता, आणि त्याला आधी सांगितलं असतं तर तो पायरीवरून उठलाही नसता. मग मी एकदम, ठरवलेलं नसताना, विचारलं, "मास्तर, माझ्या वेळी आयेशाताई कुठं होती?" "कुठं म्हंजे? तुझ्या मागं. हातभर अंतरावर. तुझ्या लाथा खात आली की सगळी विहीर. हनुवटीला काळंनिळं झालंतं तिच्या, चार दिवस भाकरी चावता येईना." हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मागे वळून मी बघितलं नव्हतं, आणि नंतर माझी मला इतकी गडबड, की तिच्या हनुवटीकडेही बघितलं नव्हतं. मास्तर परत आडवे झाले आणि डोळ्यांवर हात घेऊन म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. पर मागं ऱ्हा. एक वीत बी लांब जायचं न्हाय."

सकाळी मी तेजस्वीला सगळ्यांसमोर, पायरीवरच, सांगितलं, "आज मी सुरगाठ बांधतोय. टोक मी धरत न्हाय, तू धर. वाटलं तर ओढ, न वाटलं तर नको ओढू. मी मागं हातभर अंतरावर हाय. थांबायचं झालं तर आधी सांगीन." पायऱ्यांवर कुजबुज झाली, असलं काही त्यांनी ऐकलं नव्हतं. तिनं जरा विचार केला. पोहताना हात मोकळे हवेत. मग तिनं दोरीचं टोक काखेखालून पुढे ओढून घेतलं आणि दातात धरलं. आई धागा दातात धरते तसंच असणार ते. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. आम्ही पाण्यात उतरलो. पहिल्या फेरीला ती पलीकडे जाऊन परत आली, टोक दातातच. दुसऱ्यांदा निघाली. मध्यावर पाणी आणखी गार असतं, वरची ऊब तिथे तरंगत नाही. तिथे तिची मान एकदा डावीकडे जोरात हलली. दोरी सैल पडली, डबा सुटून माझ्या छातीवर आपटला, तो मी एका हाताने धरला. "ताई?" ती म्हणाली. "हाय," मी म्हणाले. दोन हात मारून परत, "ताई?" "हाय." पायऱ्यांवर सगळी पोरं गप्प होती. लपवण्यासारखं आता काही नव्हतं, तरी गप्प होती. माझ्या नाकातोंडात पाणी जात होतं, तिची एक लाथ खांद्यावर बसली होती, एका हाताला डबा होता आणि दुसऱ्यानं मी पाणी कापत होते, आणि तिनं विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच काम होतं. एकदा तिनं मान वळवून खरंच बघितलं. मी होते. तिनं परत पुढे तोंड केलं आणि नंतर विचारलं नाही.

भिंतीला तिचा हात लागला तरी कुणी ओरडलं नाही. ओरडायचं की नाही तेच पोरांना कळेना. हिला तर सगळं माहीत. सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर वरच्या पायरीवर उभे होते, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली, म्हणजे मधल्या काळात दोन पायऱ्या पाण्यात उतरून परत वर गेले असणार. त्यांनी तोंडाभोवती हात धरले आणि आंब्यावरचे कावळे उडतील एवढ्या मोठ्यानं ओरडले, "डबा सुटला!" मग काय, पोरांनी विहीर डोक्यावर घेतली. तेजस्वी भिंतीच्या कपारीला धरून धापा टाकत हसत होती. नंतर आमरस वाढताना मास्तर मला हळूच म्हणाले, "एकीचं झालं म्हणून समद्यांचं व्हतंय असं न्हाय हं." मी व्हय म्हणाले. पुढच्या वर्षीही ते सुरगाठच बांधणार, आणि कदाचित मीही बांधेन. माझ्या मात्र तेव्हाच ध्यानात आलं, की विहिरीच्या मध्यावर माझा हात एकदाही पाठीमागे गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिराजी आला, या वेळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरीचं पोहणं बघताना त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. निघायच्या वेळी तिची पिशवी उचलली, परत खाली ठेवली आणि तिच्यापुढे वाकून म्हणाला, "तेजे, मी मास्तरांस्नी भेटून येतो. हितंच हाय, पुढच्या सोप्यात." तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "जा की." आयेशाताई बाळाला घेऊन दारात उभी होती. मी तिच्या हनुवटीकडे बघितलं. तिथे अर्थातच काही नव्हतं. निघताना बाळाच्या मुठीत बोट देऊन मी तिला म्हणाले, "ताई, लय लागलंतं काय गं तेव्हा?" तिला आधी कळेना, मग ती खूप हसली.

कोल्हापुरात आल्यावर मी बाबांना सांगितलं. जेवताना, वरण वाढून घेता घेता. मी म्हणाले, बाबा, पुढच्या वेळी काही झालं तर मला सांगायचं. मी रडेन, पेपर बुडवीन, काहीही करीन, पण सांगायचं. बाबांनी आईकडे बघितलं, आईनं ताटाकडे. "बरं," बाबा म्हणाले. सोमवारी गुंडूमामा गाडी घेऊन दारात आले. शिवाजी पुलावर मी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "मामा, ब्रेकवरचा पाय काढा. आणि काढला की मला सांगा." मामांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग खाली वाकून चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर ऐसपैस मांडी घालून बसले.

"काढला बघा," ते म्हणाले. "चला."